विचारा आप्पाले : घोरपडी गाडीला जुंपल्या तर?

मागच्या अंकात मी एवढंच लिहिलं होतं की मनातल्या जगावर गोष्टी लिहिणारी आणि गेम खेळणारी आपली पोरं तलवारीला नाव देतात, राजाला सात पिढ्यांचा इतिहास देतात, पण त्याच राजाचं धान्य कोण वाहतं हे विचारलं की गप्प. त्यावर पत्रं आली, मेल आले, व्हॉट्सॲपवर तर चित्रंसुद्धा आली (सहा पायांचा रेडा फार आवडला, फक्त बाळा, त्याला कासरा कुठून बांधायचा ते नाही दिसलं). सगळ्यांना उत्तर देणं होणार नाही, ज्यात काही सांगण्यासारखं होतं ती घेतलीत. माझं आयुष्य गुरांच्या दवाखान्यात गेलं, त्यामुळे कोणतंही जनावर दाखवलं तरी मी आधी दात, खूर आणि गव्हाण बघणार, हे गृहीत धरा.

शहादा तालुक्यातून एक कॉलेजची मुलगी : आप्पा, माझ्या कादंबरीतल्या जगात बैल, घोडा, गाढव काहीच नाही. तिथे बैलाएवढ्या घोरपडी गाड्या ओढतात. माझा भाऊ म्हणतो हे शक्यच नाही, तू काहीही लिहितेस. खरं काय?

बेटा, भाऊ अर्धा बरोबर आहे आणि तो अर्धा कामाचा आहे. सरड्याच्या जातीचं जनावर पाय बाजूला फाकवून, अंग डावीउजवीकडे वळवत चालतं, आणि जे बरगड्यांचे स्नायू अंग वळवायला लागतात तेच श्वासालाही लागतात, म्हणून पळता पळता त्याला नीट श्वास घेता येत नाही. थोडं पळ, थांब, धाप टाक, परत पळ. घोरपडीने मात्र यावर तोडगा काढलाय, ती गळा फुगवते आणि तिथली हवा फुप्फुसात ढकलते, म्हणून बाकी सरड्यांपेक्षा तिला दम जास्त. आता याचा तुझ्या गाडीवानाशी संबंध असा की त्याने गळ्यात जू किंवा पट्टा घातला तर जनावर शंभर पावलांत बसेल. बैलाला जू चालतं कारण त्याला वशिंड आहे, जू तिथे अडकतं आणि ओढ खांद्यावर येते. घोड्याला वशिंड नाही, त्याला जू घातलं तर पट्टा नरड्यावर चढतो, म्हणून त्याच्यासाठी गळपट्ट्याचा वेगळा साज करावा लागला. तुझ्या घोरपडीची ओढ कमरेवर घे, मागच्या पायांच्या पुढे रुंद पट्टा, आणि कादंबरीत एकदा तरी तो पट्टा घासून कातडी सोललेली दाखव, वाचणारा लगेच विश्वास ठेवेल.

दुसरं, थंडी. ही थंड रक्ताची जनावरं, अंग तापल्याशिवाय हलत नाहीत. आपल्याकडे धुळ्याला जानेवारीत पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो, अशा सकाळी तुझी गाडी उन्हं चांगली वर आल्याशिवाय निघणारच नाही, म्हणजे बाजार दुपारी भरेल, कोर्ट दुपारी बसेल, लग्नाचे मुहूर्तसुद्धा दुपारचे. आणि मे महिन्यात उलटं, पंचेचाळीस अंशांत ती भर दुपारी सावली सोडणार नाही, प्रवास रात्रीचा. एवढ्या मोठ्या अंगात ऊब जरा जास्त वेळ टिकते, त्यामुळे सूर्य बुडाल्यावर काही वेळ गाडी चालेल. पौषात दुपारचा प्रवास आणि वैशाखात रात्रीचा, एवढ्या एका गोष्टीवर तुझ्या जगाचं अख्खं पंचांग उभं राहतं, चोर कधी येतात तेही ठरतं.

तिसरं मला सगळ्यात आवडलं ते खाणं. सारख्या वजनाच्या बैलापेक्षा थंड रक्ताच्या जनावराला साधारण दहावा हिस्सा खायला पुरतं. दुष्काळात आपल्याकडे बैल आधी विकला जातो, चारा छावणीत रांगा लागतात, तुझ्याकडे लागणार नाहीत. फक्त खरी घोरपड मांस, अंडी, उंदीर खाते, ते तुला परवडणार नाही (का ते खाली चोपड्याहून आलेल्या पत्रात बघ), तिला पाला खाणारी कर, इग्वाना नावाचे सरडे पाल्यावरच जगतात. पण कमी खाणारं जनावर शेणही कमी देतं बरं का. मग शेणखत नाही, गोवऱ्या नाहीत, सारवायला शेण नाही. दूध तर नाहीच. गायीचं गणित असं की ती दूध देते, शेण देते आणि वर गोऱ्हा देते जो पुढे औताला येतो, एका गव्हाणीत चार कामं. तुझ्या घोरपडीला फक्त ओढायचं काम, म्हणजे ती गरिबाच्या घरी नसणार, व्यापाऱ्याच्या घरी असणार. आणि शेतकरी चूल कशावर पेटवतो, जमिनीला खत कुठून आणतो याचं उत्तर तुला द्यावं लागेल, नाहीतर भाऊ परत हसेल.

एक राहिलं. बैल म्हटलं की नुसता बैल येत नाही. खुरांना पत्री मारणारा येतो, दोर वळणारा येतो, गाडीचे आरे बसवणारा सुतार येतो, दलाल येतो, सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा गडी येतो आणि सालदाराच्या पोराला कोणत्या बैलाची खोड माहीत आहे ते येतं. तू पाठवलेल्या पहिल्या प्रकरणात जनावर आहे, गाडी आहे, पण त्यांच्या भोवती एकही माणूस नाही. आणि खऱ्या घोरपडीवर प्रयोग करायला जाऊ नकोस, 1972 च्या वन्यजीव कायद्यात ती पहिल्या अनुसूचीत आहे, पकडलीस तर आत.

अमळनेरहून एक ग्रुप : आम्ही पाच मित्र दर रविवारी गेम खेळतो. आमचा काफिला वाळवंटातून तीस दिवस चालतो, प्रत्येक बैलाच्या पाठीवर तीन क्विंटल माल. गेम चालवणारा मित्र म्हणतो चालेल. चालेल का?

नाही चालणार, आणि तीन क्विंटल ऐकून मला पाठीत कळ आली. आपल्याकडे ओढकाम आणि ओझ्याच्या जनावरांसाठी 1965 चे नियम आहेत. त्यात पाठीवरच्या ओझ्याची हद्द गाढवाला 50 किलो, खेचराला 200, उंटाला 250, मोठ्या बैलाला 175. गाडीची गोष्ट निराळी, चाक आलं की तोच बैल पाठीवरच्या ओझ्याच्या कित्येक पट ओढतो, पण चाकाला रस्ता लागतो आणि वाळूत चाक रुततं. त्याच नियमांत हेही आहे की दिवसाला नऊ तासांच्या वर काम नाही, सलग पाच तासांच्या वर नाही, आणि पारा 37 च्या वर असेल तिथे दुपारी बारा ते तीन जुंपायचं नाही. आता जळगाव-भुसावळचा उन्हाळा आठवा आणि बघा वर्षातले किती महिने हा नियम लागतो! पाळतं कोण ते विचारू नका.

पण तुमची खरी अडचण वजनाची नाहीच, वैरणीची आहे. मोठा बैल दिवसाला निदान आठेक किलो कोरडा चारा खातो. वाळवंटात चरायला काही नाही, म्हणजे चारा सोबत न्यायचा. तीस दिवसांचे झाले 240 किलो, आणि पाठीवर मावतात पावणेदोनशे. म्हणजे माल एक किलोही न घेता निघालेला बैल बाविसाव्या दिवशी उपाशी. पाणी तर अजून धरलंच नाही, उन्हात तीस-चाळीस लिटर रोज सहज लागतं. गेम चालवणाऱ्या मित्राला हे गणित दाखवा, तो बिचारा पुढच्या रविवारी नकाशात विहिरी काढत बसेल.

मग जुन्या काळी लमाण तांडे हजारो बैल घेऊन देशभर कसे फिरायचे? तेच तर खरं शिकण्यासारखं आहे. ते चारा सोबत नेतच नव्हते. बैल चरत चरत जायचा, दिवसाची मजल छोटी, घाई नाही, धान्य आणि मीठ गोण्यांत, बैलाच्या दोन्ही अंगांना सारखं. वाट गवताची निवडायची आणि हंगामही गवताचा. टॅव्हर्नियर नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात सुरतेहून आपल्या नंदुरबार-बऱ्हाणपूरच्या वाटेने आग्र्याला गेला, त्याने दहा-बारा हजार बैलांचे तांडे लिहून ठेवलेत, आणि अरुंद वाटेवर असा तांडा समोरून आला तर तो संपेपर्यंत दोन-दोन तीन-तीन दिवस खोळंबून राहावं लागतं हेही. हा ट्रॅफिक जाम तुमच्या गेममध्ये टाका ना! राक्षस कशाला पाहिजे, समोरून तांडा आला म्हणजे झालं. 1860 च्या दशकात आपल्या भागात आगगाडी आली आणि या तांड्यांचं काम हळूहळू सुटत गेलं, तेही एखाद्या मोठ्या कथेचं बी आहे.

वाळवंटच हवं असेल तर उंट घ्या, पाण्यावाचून दिवस काढतो, काटेरी झुडपं खातो. पण त्याच उंटांना आपल्या पावसाळ्यात चिखलात आणून बघा, तळवा पसरट आणि मऊ, घसरतो, पाय फाकतात की उठवणं मुश्कील, वर माश्या चावून सर्रा नावाचा ताप. प्रत्येक जनावराची एक हद्द असते आणि तिथे माल उतरवून दुसऱ्या जनावरावर चढवावा लागतो, आणि जिथे माल उतरतो तिथे गाव वसतं. नकाशात शहरं कुठे ठेवायची ते असं ठरवा.

माल कसा लादतात ते बघायचं असेल तर हिवाळ्यात साक्रीकडे ठेलारी मेंढपाळांचा वाडा, म्हणजे मेंढरांसकट सगळा मुक्काम, हलताना बघा. तट्टाच्या पाठीवर आधी घोंगडी, तिच्यावर पोती आणि भांडी, दोन्ही बाजूंना अंदाजाने पण अगदी तोलून, एका अंगाला जाळीत नुकती जन्मलेली कोकरं, वर पाय बांधलेल्या कोंबड्या आणि सगळ्यात वर कधी कधी पोर. बाई एका हाताने दोर ओढून गाठ मारते आणि गुडघा तट्टाच्या पोटाला लावते, कारण तट्टू हुशार, पोट फुगवून उभं राहतं, गाठ मारून झाली की पोट सोडतं आणि अर्ध्या कोसावर सगळं सामान पोटाखाली. असली एक खोड तुमच्या काल्पनिक जनावराला द्या, त्याने ते जिवंत वाटेल.

चोपड्याहून : आमच्या कथेतली जमात सातपुड्यासारख्या डोंगरात राहते आणि वाघांवरून सामान नेते. लय भारी वाटतं ना?

वाटतं भारी, परवडत नाही. एक किलो मांस तयार व्हायला ढोबळ हिशोबाने दहा किलो चारा लागतो. वाघाला सरासरी रोज पाच-सहा किलो मांस, म्हणजे वर्षाला पन्नासेक चितळांएवढी शिकार, एका वाघाला. एवढी गुरं-हरणं ज्या जमातीकडे आहेत तिने सामान त्या गुरांच्याच पाठीवर टाकावं, सोपं पडेल. शिवाय वाघ एकटा राहणारा. बैल, घोडा, उंट हे कळपातले, कळपात कोण पुढे कोण मागे हे ठरलेलं असतं आणि माणूस त्या रांगेत पुढची जागा पटकावतो. वाघाच्या रांगेत जागाच नाही.

मांस खाणारं जनावर कामाला लावायचंच असेल तर कुत्रं. बर्फाळ मुलखात गवत नाही पण मासे आणि सील आहेत, तिथे कुत्र्यांच्या गाड्या चालतात. जिथे जे पिकतं ते खाणारं जनावर तिथे चालतं. तुमच्या डोंगरातल्या नदीत मासे भरपूर असतील तर मासे खाणारं काहीतरी शोधा, पाणमांजर मोठं करा पाहिजे तर.

भुसावळ, इयत्ता आठवी : पंख असलेला घोडा किती पोती साखर नेईल?

शून्य. उडायला छातीत केवढे मोठे स्नायू लागतात ते कबुतराची छाती बघितलीस की कळेल. पूर्वी उडणारे जे सगळ्यात मोठे सरपटणारे प्राणी होते, पंख पसरले की दहा मीटर, त्यांचंही वजन अडीचशे किलोच्या आसपासच धरतात. आणि घोडाच मुळात चारशे किलोचा! उडणाऱ्या जनावराकडून चिठ्ठी पाठव, औषध पाठव, हिरे पाठव. साखर बैलगाडीतून. हवा दाट असलेलं जग बनवलंस तर परत पत्र टाक, मग बघू. तुझं चित्र आवडलं.

धुळ्याहून एक वाचक : रानटी जनावर माणसाळायला किती पिढ्या लागतात? माझ्या कथेत नायक एका पावसाळ्यात रानरेडा माणसाळवतो.

एक रानरेडा वश करणं आणि रेड्यांची जात माणसाळवणं या दोन निरनिराळ्या गोष्टी, आणि सगळे लेखक इथे घसरतात. हत्ती बघा. हजारो वर्षं आपण हत्तीकडून काम घेतोय, कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हत्तींसाठी वेगळा अध्यक्ष आहे आणि राखीव वनंही आहेत, तरी हत्ती जात म्हणून पाळीव झाला नाही. का? बावीस महिने गाभण राहते, पिल्लू कामाला यायला पंधरा-वीस वर्षं, आणि मोठ्या हत्तीला दिवसाला दीडेकशे किलो चारा. कोण पोसेल? त्यापेक्षा रानातून मोठा पकडून आणणं स्वस्त. म्हणून प्रत्येक हत्ती नव्याने वश करायचा, प्रत्येक पिढीत पहिल्यापासून.

झेब्र्याचं तर विचारूच नका. लंडनमध्ये रॉथस्चाइल्ड नावाच्या श्रीमंताने झेब्रे गाडीला जुंपून फिरवले, लोकांनी बघितलं, पण त्यातून झेब्र्यांची गाडी काही सुरू झाली नाही. चावरा, भेदरट, आणि मोठा झाला की जास्तच.

उलटं उदाहरण रशियात. नोव्होसिबिर्स्कला 1959 मध्ये बेल्यायेव नावाच्या शास्त्रज्ञाने कोल्ह्यांवर काम सुरू केलं, दर पिढीत जे माणसाला कमी घाबरतात तेवढेच पुढे वाढवायचे, बाकी काही बघायचं नाही. थोड्याच पिढ्यांत शेपटी हलवणारे, जवळ येणारे कोल्हे निघाले, आणि मजा म्हणजे काहींचे कान लोंबायला लागले, अंगावर पांढरे ठिपके आले, जे कुणी निवडलेच नव्हते. तेव्हा तुझ्या नायकाने एका पावसाळ्यात एक रेडा वश करावा, खुशाल करावा. पण त्याच्या नातवाच्या नातवाकडे जे रेडे असतील ते ठिपक्यांचे, लोंबत्या कानांचे दाखव.

संकराबद्दलही विचारलंस. तिथे एक अस्सल रत्न आहे. साडेचार हजार वर्षांपूर्वी, पाळीव घोडा तिकडे पोचायच्या आधी, सीरिया-इराककडचे राजे कुंगा नावाचं जनावर रथाला जुंपायचे, पाळीव गाढवीण आणि रानगाढव नर यांचा संकर. 2022 मध्ये हाडांतल्या डीएनएवरून हे पक्कं झालं. खेचरासारखंच वांझ, म्हणजे प्रत्येक कुंगा नव्याने संकर करूनच मिळवायचा, आणि त्यासाठी रानगाढव पकडून आणायचं. म्हणून साध्या गाढवापेक्षा कितीतरी पट महाग. आणि ते सीरियातलं रानगाढव आता पृथ्वीवरून संपलंय, कुंगा परत करायचा म्हटलं तरी होणार नाही. तुला वेगळं जादूचं जनावर शोधायची गरज काय?

जळगावहून : आमच्या जगात जादू आहे. मग ओझ्याचं जनावर लागेल का?

जादूगार दिवसाला किती पोती हलवतो आणि जेवतो किती, ते लिहून पाठवा. बैलापेक्षा महाग पडला तर लागेल.

पारोळा तालुक्यातून एक शेतकरी : हाऊ काय खेय मांडेल शे आप्पा? इथे दावणीला बैल राहिले नाहीत आणि तुम्ही न जन्मलेल्या जनावरांच्या वैरणीचे हिशोब करताय. माझ्या जोडीतला उजवा यंदा गेला. डावा सहा दाती आहे, अजून तरुण आहे, चांगला आहे, एकटा उभा राहतो गोठ्यात. जोडीला दुसरा घ्यावा की हाही विकून ट्रॅक्टर भाड्याने लावावा, ते सांगा आधी.

जिभाऊ, तुमचा राग बरोबर आहे, पण या पोरांना झापू नका, हीच पोरं उद्या तुमच्याकडे येऊन विचारतील की डावा-उजवा म्हणजे काय, आणि तुमच्याशिवाय सांगणार कोण? पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी कशी करता ते त्यांना बघू द्या. हळद आणि तूप कोमट करून वशिंडाच्या पुढे जिथे जू बसतं तिथली कातडी अंगठ्याने चोळायची, आणि चोळता चोळता बोटाला कळतं की गाठ कुठे आली, केस कुठे गेले, वर्षभर जू कुठल्या बाजूला कललं होतं. बैल मान खाली घालून डोळे अर्धे मिटतो, आणि दुखऱ्या जागी बोट गेलं की कातडी थरथरते. औषधाची चिठ्ठी लिहिण्याआधी मी हेच करायचो.

आता तुमचं. जमीन किती ते तुम्ही लिहिलं नाही. पाच-सात एकर असेल आणि कापूस असेल तर वखरणी-कोळपणीला बैल ट्रॅक्टरपेक्षा बरा, ओळीत शिरतो, ओल्या रानात जमीन दाबत नाही, आणि घरच्या कडब्यावर भागतो. नांगरटीला ट्रॅक्टर भाड्याने लावा, त्यात कमीपणा काही नाही. कपाशी सोडून केळीकडे गेला असाल तर बैलाला वर्षभर काम पुरणार नाही, मग विकलेला बरा, पण सहा दाती बैल कसायाच्या दलालाला देऊ नका, ओळखीत कुणाचा तरी एकटा उरलेला असतोच, त्याला द्या.

जोडच करायची ठरवली तर बाजारात रंग आणि शिंगांच्या जुळणीवर जाऊ नका. उंची बघा, वशिंडापाशी चार बोटांचा फरक असला तरी जू कलतं आणि बुटक्याचा खांदा सुजून येतो. दात स्वतः उघडून बघा, चार किंवा सहा दाती घ्या, जुळलेला, म्हणजे आठही दात आलेला, घेतला तर तो तुमच्या डाव्याच्या आधी म्हातारा होईल. उजव्या अंगालाच चाललेला बैल मागा, डाव्याला उजवीकडे जुंपलं तर पहिले काही महिने दोघंही वैतागतील. चाल बघा, तुमचा डावा झपझप चालणारा असेल तर सुस्त जोडीदार त्याला मारेल. आणि विकणाऱ्याला सांगा की रिकामा फिरवून नको, जू ठेवून, मागे वजन बांधून पन्नास पावलं चालव आणि मग मागे हटव. जो मागे हटताना मान फिरवतो किंवा बसतो त्याला हात लावू नका, कितीही स्वस्त असला तरी. जमलं तर तुमचा डावा टेम्पोत घालून बाजारात सोबतच न्या, तिथेच दोघांना एका जुवाखाली घाला, पैसे त्याच्यानंतर.